तिसऱ्या खेपेचा गाळ

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पुष्पलता कापगते स्टुलावर उभ्या राहून गंजात मोबाईलचा टॉर्च मारत होत्या. पंगतीचं वरण शिजवायला वापरतात तसे स्टीलचे दोन मोठे गंज घराच्या मागच्या पडवीत टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींत चिन्नोर या सुवासिक तांदळाच्या कणीचा गोड काढा होता. आदल्या संध्याकाळी तो उकळला होता आणि थंड पाण्याच्या टबात ठेवून निववला होता. खाली जमिनीवर पांढरा प्लास्टिकचा ड्रम होता, उकळत्या पाण्यानं धुऊन पालथा घातलेला. त्या दिवसाचं काम सांगायला सोपं होतं. गंजातला काढा ड्रममध्ये न्यायचा आणि गंजातला गाळ गंजातच ठेवायचा.

याच कामात त्या दोनदा फसल्या होत्या.

पुष्पलताबाई सिरका, म्हणजे व्हिनेगर, करतात. बालाघाटात सिरका म्हटलं की जांभळाचा किंवा उसाचा. तांदळाचा सिरका इथं कोणी ऐकलेला नाही. त्या तो कुठून शिकल्या याचं उत्तर अंगणवाडीत आहे. निवृत्त होईपर्यंत किरनापूरजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी चालवत होत्या. अशक्त बाळांच्या आयांना त्या एक गोष्ट करून दाखवायच्या. घट्ट पेज घ्यायची, ती कोमट असताना तिच्यात मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं चमचाभर पीठ टाकायचं. बघता बघता पेज पातळ होते आणि साखर न घालता गोड लागते. बाळाला गिळायला सोपी, पोटात दाणा जास्त. शेकडो बायांसमोर त्यांनी हा प्रयोग केला आणि दर वेळी चमचा फिरवताना पेज सैल पडली की त्यांना स्वतःलाच गंमत वाटायची. निवृत्तीनंतर एकदा अशीच गोड केलेली पेज दोन दिवस विसरली गेली. उघडली तर फसफसत होती. कोणीही ती फेकली असती. पुष्पलताबाईंनी ती झाकून ठेवली आणि रोज वास घेत राहिल्या. महिन्याभरानं वास आंबट झाला, आणि त्या वासामागे चिन्नोरचा सुगंध होता. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या तीन घरांत वाटी फिरवली.

पुढचं शास्त्र त्यांनी मोबाईलवर पाहून आणि नासवून शिकून घेतलं. गोड काढ्यात यीस्ट टाकलं की आधी त्याची दारू होते, मग त्या दारूचा सिरका. मधल्या पायरीमुळे गल्लीत बऱ्याच गमती झाल्या. शेजारचे भोजराज अजूनही येता-जाता भट्टी पेटली काय म्हणून विचारतात. कापगत्यांच्या घरात कोणी पीत नाही, त्यामुळे हा विनोद भोजराजांना जास्तच आवडतो.

खरी अडचण गाळाची होती. कणी कितीही फडक्यानं गाळा, उकळल्यावर काढ्यात पांढरट चोथा सुटतोच. तो ड्रममध्ये गेला की तळाशी बसून कुजतो आणि सिरक्याला शिळ्या पेजेचा वास येतो. पहिल्या खेपेला त्यांनी गंज सरळ तिरपा करून फडक्यातून ओतला. फडकं तुंबलं, मग बाजूनं सगळं खाली गेलं. दुसऱ्या खेपेला गंजाला खाली तोटी बसवून घेतली. तोटीत पहिल्यांदा आला तो गाळच, आणि ती चोंदल्यावर त्यांनी गंज हलवला.

दोन्ही खेपांचा सिरका गोंदियाला त्यांच्या बहिणीच्या मुलीकडे, रूपालीकडे गेला होता. रूपालीचा लोणच्यांचा धंदा आहे. करवंदं आणि हिरव्या मिरच्या ती सिरक्यात मुरवते. भाची असली तरी व्यवहारात ती मावशीला सूट देत नाही. पहिली खेप तिनं वास घेऊन परत पाठवली. दुसरी बाटलीत भरून उजेडात धरली, तिचा फोटो काढला आणि फक्त तो फोटो पाठवला. मग फोनवर स्पष्ट सांगितलं की तिसरी खेप शेवटची; तीही गढूळ निघाली तर ती कारखान्याचा सिरका घेईल आणि मावशीनं मनाला लावून घ्यायचं नाही.

तिसरी खेप शेवटची असण्याला दुसरंही कारण होतं. कणी संपली होती. कापगत्यांच्या शेतात चिन्नोर होतो, पण नवा धान अजून पोटरीत होता, लोंब्या बाहेर यायच्या होत्या. सप्टेंबर चालू होता; कापणी, मळणी, भरडाई होऊन नवी कणी घरात यायला दिवाळी उलटणार होती. घरातली होती नव्हती ती सगळी कणी त्या दोन गंजांत गेली होती. एकात मावली नाही म्हणून दोन.

या वेळी त्यांनी काढा वरून काढायचं ठरवलं होतं, नळीनं. त्याआधी गाळ एका जागी यायला हवा. तांदूळ रोळताना परातीत पाणी गोल फिरवलं की खडे मधोमध येतात, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. म्हणून पहाटे पाचला त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवलेला उलथना घेऊन दोन्ही गंजांतला काढा एकाच दिशेनं जोरात फिरवला, झाकला आणि आंघोळीला गेल्या. काढा फिरून फिरून थांबेल, गाळ मधोमध ढिगासारखा बसेल. त्यांच्या हिशेबानं आठ तरी वाजणार होते. आठच्या सुमाराला रूपालीही गोंदियाच्या गाडीनं येणार होती. फोटोवर तिचा भरवसा नव्हता; तिला ड्रममध्ये काय जातं ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

आणि आता सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या गंजात टॉर्चचा उजेड सरळ तळापर्यंत जात होता. काढा फिक्या मधासारखा दिसत होता, एक कण तरंगत नव्हता. तळाशी पांढऱ्या गाळाचा फुगीर ढीग होता.

पुष्पलताबाई स्टुलावरून उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली. मोतीलाल कापगते चहाचा कप घेऊन आधीच दारात उभे होते आणि बरेच खूश दिसत होते.

"अजी, पाहा तं. इतक्या लवकर कसा बसला हा?"

"बसनच," मोतीलाल म्हणाले. "म्या फिटकरी फिरवली ना त्याच्यात."

इथं मोतीलाल यांच्याविषयी सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात, फिल्टर प्लांटवर गेली. पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी चहासारखं येतं. त्यात तुरटीचं, म्हणजे त्यांच्या भाषेत फिटकरीचं पाणी सोडायचं, हळू ढवळायचं, टाकीत निवांत बसू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी पुढे पाठवायचं, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. घरातही पिण्याच्या पाण्याच्या हंड्याशेजारी तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून टांगलेला असतो. बायको आंघोळीला गेली असताना त्यांनी झाकण उचलून पाहिलं, काढा गढूळ दिसला, आणि मदत करायची म्हणून खडा उतरवून गंजात फिरवला. नुसता बुडवला नाही. नियमाप्रमाणे हळूहळू, पुष्कळ वेळ फिरवला.

पुष्पलताबाईंनी पुढे जे विचारलं ते ओरडून नव्हतं.

"हे पाणी होय काय?"

"पाण्यावानीच तं आहे."

त्यांनी पळीभर काढा वाटीत काढून नवऱ्याच्या हातात दिला. मोतीलाल यांनी घोट घेतला आणि जीभ टाळूला लावून उभे राहिले.

"तुरट लागते," ते म्हणाले.

"तुरट नाही लागन तं का शिरा लागन?"

मोतीलाल यांनी कप खाली ठेवला. यीस्ट यात जगेल का, सिरका होईपर्यंत चव जाईल का, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. पुष्पलताबाईंना एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. त्यांना एवढं कळत होतं की सिरका आंबट हवा आणि त्यात तोंड आवळणारी चव नको. त्यांची नजर दुसऱ्या गंजाकडे गेली आणि त्यांनी जरा थांबून विचारलं, कारण उत्तराची त्यांना भीती वाटत होती.

"दोन्हीत फिरवली काय?"

"नाही. त्याच्यावर तूनं ताट ठेवून वरवंटा ठेवला. कोण उचलते तो."

दुसऱ्या गंजाचं झाकण कोणाच्या तरी लग्नात गेलं ते परत आलं नव्हतं. पाल पडू नये म्हणून पुष्पलताबाईंनी वर ताट ठेवलं होतं आणि ताट सरकू नये म्हणून वरवंटा. मोतीलाल यांचा खांदा गेल्या वर्षीपासून दुखतो. अर्धी खेप त्या खांद्यामुळे वाचली.

वरवंटा उचलला, ताट काढलं. आतला काढा अजून धुरकट होता, पण फिरणं थांबलं होतं. पुष्पलताबाईंनी चमचाभर चाखला. गोड, नुसता गोड, आणि गिळल्यावर नाकात चिन्नोर. त्यांनी ताट अलगद परत ठेवलं आणि मोतीलाल यांना पडवीच्या उंबऱ्याबाहेर बसायला सांगितलं.

रूपाली आली तेव्हा साडेआठ होत आले होते. पिशवी टाकून ती हात धुऊन थेट टेबलाशी गेली आणि तिनं पहिल्याच गंजाचं झाकण उचललं. मग मोबाईल काढून तिनं फोटो घेतला, एक वरून, एक बाजूनं.

"मावशी, हेच पाहिजे मले. काच आहे काच."

त्या क्षणी पुष्पलताबाईंना फक्त गप्प राहायचं होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, माल पसंत होता, पूर्ण खेप ड्रममध्ये गेली असती. उंबऱ्यावरून मोतीलाल वळून बायकोकडे पाहत होते. पुष्पलताबाईंनी वाटी भरली आणि भाचीपुढे धरली. आधी चाखून घे, मग बोल, एवढंच म्हणाल्या.

रूपालीनं चाखलं आणि तिचा चेहरा आक्रसला. हे काय आहे, असं तिनं विचारलं, तेव्हा मावशीनं हनुवटीनं उंबऱ्याकडे दाखवलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. रूपाली आधी मावशीकडे, मग गंजाकडे, मग बाहेर पाहत राहिली.

"मावसाजी," ती म्हणाली, "आता क्लोरीनबी टाकूनच द्या. नळाले जोडून देऊ."

मोतीलाल यांनी हसायचं टाळलं, पण खांदे हलले. पुष्पलताबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला तो गंज मोरीवर न्यायला सांगितला. रूपालीनं एक कान धरला, मोतीलाल यांनी दुसरा, आणि अर्धी खेप मोरीतून गेली. ती जाताना तांदळाचा वास पडवीभर पसरला.

मग ताट निघालं आणि तिघंही दुसऱ्या गंजावर वाकली.

काढा निवळला होता. पहिल्यासारखी काच नव्हती. टॉर्चच्या उजेडात हलकं धुकं दिसत होतं. पण तळाशी मधोमध गाळाचा बसका, घट्ट ढीग होता आणि ढिगाभोवती तळाचं स्टील चमकत होतं. पुष्पलताबाईंचा आवाज बदलला. त्या भराभर बोलू लागल्या, हात त्याहून भराभर चालले. ड्रम सुलटा करून टेबलाला टेकवला. आदल्या दिवशी काचेच्या बरणीत जागं केलेलं यीस्ट आणलं. त्यावर दोन बोटं फेस होता आणि बरणी कानाशी नेली की बारीक चरचर ऐकू येत होती. ते आजच काढ्यात जायला हवं होतं, उद्या त्याचा जोर उतरला असता. उकळलेली नळी बांबूच्या कामटीला बांधलेली होती, तिच्या तोंडाखाली तारेनं छोटी वाटी अडकवलेली. नळीनं खालून न ओढता वाटीच्या काठावरून, आडव्या बाजूनं ओढावं, म्हणजे गाळ उठणार नाही, ही त्यांची युक्ती होती.

मोतीलाल यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर बसवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी नळीचं टोक तोंडात धरून ओढायची तयारी दाखवली, डिझेल काढतात तशी. दोघी एकदमच नाही म्हणाल्या. तोंडातली घाण ड्रममध्ये गेली तर फिटकरी परवडली, असं पुष्पलताबाईंनी सुनावलं. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्यानं भरली, दोन्ही टोकांवर अंगठे दाबले, वरचं टोक कामटीसह गंजाच्या कडेनं आत उतरवलं आणि खालचं मगात सोडलं. आधी पाणी आलं. पाण्यात सोनेरी रेघ दिसली. रेघ जाड झाली, आणि पुष्पलताबाईंनी टोक मगातून काढून ड्रमवर धरलं.

धार उंचावरून पडत होती. यीस्टला सुरुवातीला हवा लागते म्हणून त्यांनी मुद्दाम तशी धरली होती. ड्रममध्ये फेस उठला. रूपालीनं काचेचा पेला धारेखाली धरून भरला आणि खिडकीशी नेला. पुष्पलताबाईंनी मान वळवून पाहिलं. रूपाली पेल्याच्या मागे स्वतःचा तळहात धरून रेषा पाहत होती.

"दिसते काय?"

"दिसते. भाग्यरेषाबी दिसते."

गंजातली पातळी उतरत होती. अर्धा झाला. त्याच वेळी रूपाली पेला खिडकीत ठेवून परत आली आणि तिची कंबर टेबलाला लागली. गंजात एक लाट गेली आणि ढिगाच्या कडेवरून पांढरा धूर उठला. पुष्पलताबाईंनी नळी मुडपून बंद केली. रूपालीनं दोन्ही हात वर करून भिंतीला पाठ लावली. धूर हळूहळू खाली बसला. नळी पुन्हा मोकळी झाली तेव्हा पुष्पलताबाईंच्या कपाळावर घाम होता आणि त्या हसत होत्या.

आता ढीग जवळ येऊ लागला. पाणी उतरल्यावर वैनगंगेत रेतीचा उंचवटा डोकं काढतो तसा त्याचा माथा दिसायला लागला. इथून पुढे प्रत्येक लोटा महत्त्वाचा होता, कारण आधीच अर्धं मोरीत गेलं होतं. पुष्पलताबाई कामटी बोटाबोटानं खाली सरकवत होत्या. मोतीलाल टॉर्च धरून काढ्याच्या पृष्ठभागाकडे पाहत होते. ढिगाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. प्लांटवर टाकीतलं पाणी सोडताना व्हॉल्व्ह केव्हा बंद करायचा ते त्यांनी असंच ठरवलं होतं. गाळ उठायच्या आधी वरचं पाणी एका बाजूला ओढ घेतं.

"बस कर," ते म्हणाले.

"अजून दोन लोटे निघते."

"निघते. गाळबी निघते."

पुष्पलताबाईंचा अंगठा नळीवर होता, दाबलेला नव्हता. आज सकाळी याच माणसाच्या सांगण्यावरून नव्हे, तर न सांगता केलेल्या कामामुळे अर्धी खेप गेली होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर गंजातून हलली नव्हती.

त्यांनी नळी मुडपली.

मोतीलाल यांनी रिकामा पेला पुढे केला. त्यांच्या सांगण्यावरून पुष्पलताबाईंनी नळी क्षणभर सैल सोडली. पेला भरला आणि तिघांच्या देखत त्यात पांढरे धागे उतरले, एकापाठोपाठ एक, आणि तळाशी गोळा झाले. रूपालीनं तो पेला आधीच्या पेल्याशेजारी खिडकीत ठेवला. दोन्हींतला फरक सांगायची गरज नव्हती.

"तुम्हाले हे येते," पुष्पलताबाई म्हणाल्या, "तं फिटकरी काहून फिरवली?"

"तवा तूनं विचारलं नव्हतं."

"तुमी कुठं विचारलं?"

यावर मोतीलाल यांनी गंज उचलून धुवायला नेला.

यीस्ट ड्रममध्ये गेलं. पुष्पलताबाईंनी झाकण आवळलं. झाकणाला एक बारीक नळी आहे. तिचं दुसरं टोक त्यांनी पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलं, म्हणजे यीस्ट चाललं की आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर येईल आणि बाहेरची हवा आत जाणार नाही. ड्रम अर्ध्याहून थोडा कमी भरला होता. रूपालीनं बाहेरून हातानं पातळी मोजली आणि आपला निर्णय सांगितला. वास चांगला निघाला तर एवढाच सिरका ती घेईल आणि मिरच्यांना वापरणार नाही; त्याच्या छोट्या बाटल्या भरून चिन्नोरचा म्हणून वेगळा विकेल. पण आधी यीस्ट चाललं पाहिजे. चाललं नाही तर काढा दोन दिवसांत नासेल, आणि मग तिचं आधीचं बोलणं कायम.

पुष्पलताबाईंनी मान्य केलं. नवी कणी येईल तेव्हा एक मोठाच गंज आणायचा का, यावर दोघींचं बोलणं सुरू झालं आणि रूपालीची परतीची गाडी निघायची वेळ झाली तरी संपलं नाही. स्टेशनला सोडायला मोतीलाल मोटरसायकल घेऊन दारात उभे होते. निघताना रूपालीनं पडवीत येऊन बाटली पुन्हा पाहिली. पाणी शांत होतं. इतक्यात काही दिसायचं नव्हतंच.

उद्या सकाळी साडेसहाला ती गोंदियाहून व्हिडिओ कॉल करणार आहे. पुष्पलताबाई फोन बाटलीसमोर धरतील, आणि पाण्यात बुडबुडे येत आहेत की नाहीत ते दोघींना दिसेल.